ताटापाशी कोण बसणार?

चंद्रपूर-गडचिरोलीकडचे मूल खात नाही म्हटले, की ऐकणाऱ्याला पहिल्यांदा कुपोषण आठवते. ते साहजिकही आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा निघाला. त्याच्या आधी आणि नंतरही या जंगलपट्ट्यातल्या मुलांबद्दल जे लिहिले गेले, ते बहुतेक वजन, उंची, दंडाचा घेर आणि बालमृत्यू एवढ्यावरच. अंगणवाडीतला वजनकाटा, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल दाखवणारी दंडपट्टी, तीव्र आणि मध्यम कुपोषितांच्या (सॅम-मॅम) याद्या यांनी जीव वाचवले, यात वाद नाही. पण ही सगळी मोजमापे एक गोष्ट गृहीत धरतात, की अन्न समोर आले म्हणजे मूल खाणार. समोर आलेले अन्न सरकवून देणारे, लपवणारे, खाऊन मुद्दाम ओकणारे, किंवा भात सोडून भिंतीची माती खाणारे मूल या यादीत बसवायचे कुठे? मग ते कुपोषितांत जाते, नाहीतर घरच्यांच्या लेखी ‘हट्टी’ ठरते. हा आढावा त्या मुलाचा आहे आणि त्याहून जास्त त्याच्या आईबापांचा.

खाण्याचे असे विकार म्हणजे शहरातल्या खात्यापित्या घरांचे चोचले आहेत, असा समज अजून डॉक्टरांतही भेटतो. तो टिकणारा नाही. फिजी बेटांवरच्या एका ग्रामीण भागात १९९५ साली टीव्ही पोचला. अ‍ॅन बेकर या संशोधिकेला त्या वर्षी वजनासाठी मुद्दाम ओकणारी एकही शाळकरी मुलगी सापडली नव्हती. १९९८ साली शंभरात अकरा सापडल्या. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडे मोबाइलचे टॉवर उशिरा आले, पण आले. अर्थात फिजीचे गणित इथे जसेच्या तसे लावण्यात अर्थ नाही. मला त्याहून उपयोगी वाटते ते हाँगकाँगच्या सिंग ली यांचे १९९०च्या दशकातले काम. त्यांच्याकडच्या कितीतरी मुली हाडांचा सापळा झाल्या होत्या, पण ‘मला जाड व्हायची भीती वाटते’ असे त्या म्हणतच नव्हत्या. पोट गच्च होते, भूकच लागत नाही, घास उतरत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. भारतातल्या डॉक्टरांनीही असे रुग्ण नोंदवले आहेत. म्हणजे ब्रह्मपुरीची एखादी मुलगी ‘पोट फुगते’ म्हणत सहा महिने एक पोळी खाऊन राहत असेल आणि आरशाकडे ढुंकूनही पाहत नसेल, तरी तिला खाण्याचा विकार असू शकतो. तिला वर्षभर ॲसिडिटीच्या गोळ्या मिळत राहतात, हीच खरी अडचण.

या भागात सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात कमी मनावर घेतला जाणारा प्रकार म्हणजे अखाद्य खाणे. माती, चुलीची राख, पाटीवरची पेन्सिल, खडू, आणि धानाच्या या मुलखात खास करून कोठीतले कच्चे तांदूळ. पोरगी येता-जाता मूठभर तांदूळ तोंडात टाकते, दिवसभर कुरकुर चावते, आणि जेवायला बसली की दोन घासांत उठते. दोन वर्षांच्या पुढचे मूल महिनाभराहून जास्त काळ असे करत असेल तर तो तपासण्यासारखा विकार आहे. त्याचा रक्ताशी जवळचा संबंध आहे. शरीरात लोह कमी पडले की ही वासना होते, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयाची निघाली होती. वर या पट्ट्यात सिकलसेल आहे. सिकलसेलच्या मुलांत माती-कागद-फोम खाण्याची सवय पुष्कळ आढळते, हे परदेशातल्या अभ्यासांनी नोंदवले आहे. म्हणून बोटांना मिरची लावणे, हातावर चटके देणे हे जे उपाय घराघरांत चालतात ते नुसते क्रूर नाहीत, ते चुकीच्या जागी आहेत. आधी हिमोग्लोबिन, सिकलसेलची तपासणी, जंताची गोळी, मग डॉक्टरच्या सल्ल्याने लोह. बहुतेक मुलांची माती यानेच सुटते. ज्यांची सुटत नाही त्यांच्या मनाकडे आणि वाढीकडे पाहायचे.

दुसरी गोष्ट परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. खर्रा. सुपारी, सुगंधी तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेली ही पुडी चंद्रपूर-गडचिरोलीत शाळकरी पोरांच्या खिशात असते, आणि २०१२ची गुटखाबंदी तिच्या वाटेत फारशी आली नाही. तंबाखूने भूक मरते. पण त्याहून वाईट काम सुपारी करते. गालाच्या आतले अस्तर ताठ होत जाते, तोंड उघडायचे कमी होते, तिखट झोंबायला लागते. अशा मुलाची आई सांगते, ‘लेकरू आता भाजीच खात नाही, नुसता दूधभात मागते.’ तिला वाटते नखरे. तिने एकदा त्याला स्वतःची तीन बोटे उभी एकावर एक धरून तोंडात घालायला सांगावीत. ती जात नसतील तर प्रश्न नखऱ्यांचा नाही, दंतवैद्याचा आहे, आणि तोही तातडीचा. गडचिरोलीत २०१६पासून ‘मुक्तिपथ’ तंबाखू-दारूविरुद्ध गावोगाव काम करते आहे. खाण्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या तोंडात आधी डोकवा, एवढी एक सवय जरी डॉक्टरांना लागली तरी बरेच उलगडेल. बाप स्वतः घोटत असेल तर पोराला काय सांगणार, हा प्रश्न आहेच. त्याचे उत्तर बापाकडेच.

तिसरा प्रकार आश्रमशाळेचा. माडिया घरातले सहा वर्षांचे पोर निवासी शाळेत येते. घरी आंबील, भात, मासे, पावसाळ्यात सात्या (अळंबी) आणि वास्ते (बांबूचे कोंब), मोहाच्या दिवसांत मोह. शाळेत दुसऱ्याच चवीची उसळ, पोळी आणि शंभर पोरांची रांग. ते खात नाही. यातले नव्वद टक्के (हा माझा अंदाज, पाहणी नव्हे) नवखेपण आणि आईची आठवण यातच संपते, आणि दिवाळीपर्यंत पोर इतरांबरोबर ताट पुसून खाते. पण काही मुले उरतात. त्यांना ठराविक पोताचे, वासाचे, रंगाचे अन्न सहनच होत नाही, किंवा एकदा घास अडकल्याची भीती बसलेली असते. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या सूचीने याला स्वतंत्र विकार मानले. डॉक्टर ‘आर्फिड’ म्हणतात. यात बारीक होण्याची इच्छा नसते, तरी वाढ खुंटते. स्वमग्न मुलांत हे जास्त दिसते.

चौथा प्रकार किशोरवयाचा, आणि जिवावर बेतणारा. मुद्दाम उपाशी राहणे, अधाशासारखे खाऊन ओकणे, वेड लागल्यासारखा व्यायाम. इथे त्याची वाट नेहमी सौंदर्याच्या वेडातूनच जाते असे नाही. पोलीस भरतीच्या तयारीत पहाटे उपाशीपोटी धावायचे, आठशे किंवा सोळाशे मीटरची वेळ कमी करायला ‘वजन उतरव’ म्हणायचे, हे तालुक्याच्या प्रत्येक मैदानावर चालते. नीटच्या शिकवणीसाठी नागपूर-लातूरला खोली करून राहिलेली मुलगी डबा परत पाठवते आणि अभ्यासाचे कारण सांगते. बहुतेकांचे यातून काही बिघडत नाही. ज्याचा पिंड तसा असतो त्याला मात्र हीच सुरुवात पुरते, कारण उपासमार स्वतःच मन बदलते. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. वजन चतुर्थांशाने उतरले. त्याबरोबर ही माणसे चिडकी, उदास, एकलकोंडी झाली, घासाचे बारीक तुकडे करून तासन्‌तास चघळू लागली, पाककृतींची पुस्तके जमवू लागली. आधी त्यांना कुठलाच मानसिक आजार नव्हता. ‘आधी तिच्या मनातले काढा, मग ती आपोआप जेवेल’ हा सल्ला उलटा का आहे, ते यावरून कळावे. उपाशी मेंदूला समजावता येत नाही. औषध म्हणजे अन्नच, आणि ते आधी.

पण ते द्यायचे कोणी? या प्रश्नाचा इतिहास आईबापांवर अन्याय करणारा आहे. १८७३ साली लंडनमध्ये डॉक्टर विल्यम गल यांनी मुद्दाम उपाशी राहण्याच्या या आजाराला आज चालणारे नाव दिले आणि त्याच दमात नातेवाइकांना सगळ्यात वाईट शुश्रूषक ठरवले. पॅरिसमध्ये डॉक्टर शार्को तर मुलीला घरापासून तोडा म्हणत. पुढे शंभर वर्षे आईलाच आजाराचे कारण मानले गेले. वारे फिरले ते लंडनच्याच मॉड्स्ली रुग्णालयात. तिथल्या जेरल्ड रसेल, ख्रिस्तोफर डेअर, आयव्हन आयस्लर यांच्या गटाने १९८७ साली दाखवले, की आजार कमी वयात सुरू झाला असेल आणि तीन वर्षांहून जुना नसेल तर आईबापांच्या हाती जेवण सोपवणारा उपचार एकेकट्या समुपदेशनापेक्षा चांगला ठरतो. जेम्स लॉक आणि डॅनिएल ल ग्रांज यांनी २००१ साली त्याची पद्धत पुस्तकात बांधली. २०१०च्या त्यांच्या अभ्यासात उपचार संपल्यावर वर्षभराने निम्म्या मुली पूर्ण बऱ्या होत्या. एकेकट्या उपचारात हे प्रमाण चतुर्थांशाच्याही आत होते. पद्धत सोपी वाटते. पहिले काही महिने काय, किती, केव्हा खायचे ते आईबाप ठरवतात आणि प्रत्येक जेवणाला समोर बसतात. वजन सावरले की जेवणाचा ताबा हळूहळू मुलीकडे परत. मग वयाचे बाकी प्रश्न.

गडचिरोलीला हा विचार परका वाटू नये. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९०च्या दशकात ३९ गावांत नेमके हेच सिद्ध केले होते, की जे काम इस्पितळाचे मानले जाते ते शिकवून तयार केलेली गावातली बाई घरात करू शकते. घरच्या घरी नवजात बालसेवेने त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते छापले आणि पुढे देशभरच्या आशा सेविकांच्या कामात ते आले. खाण्याच्या विकाराचा घरचा उपचार त्याच जातीचा आहे. तज्ज्ञ लांब, पण घर जवळ.

आता अडचण. मॉड्स्लीच्या कागदावरच्या घरात दोन पालक, ठरलेल्या जेवणाच्या वेळा आणि रजा मिळणारी नोकरी असते. सिरोंचा-अहेरीच्या घरात जानेवारीपासून आईबाप मिरची तोडायला तेलंगणात गेलेले असतात. मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे जंगल, दुपारी पुडे बांधणे, संध्याकाळी फळीवर (संकलन केंद्रावर) रांग. जुलैत रोवणी. आणि पोरगी दहा महिने आश्रमशाळेत. घुग्घुस-बल्लारपूरच्या खाणीत बापाची पाळी बदलते. मग ताटापाशी कोण बसणार? या विषयावरच्या मराठीतल्या बहुतेक सल्ल्यांत हा प्रश्नच नसतो. ‘पालकांनी वेळ द्यावा’ म्हणून लेख संपतो. माझ्या मते इथे ‘पालक’ ही जागा आहे आणि ती कोणीतरी भरायची आहे: आजी, मोठी बहीण, आत्या, आश्रमशाळेची अधीक्षिका. माणूस तोच हवा आणि वेळ तीच हवी. आठवड्याला बदलणारी सात प्रेमळ माणसे इथे कामाची नाहीत. आईबाप दूर असतील तर काय खायचे ते एकदा त्यांनी ठरवून द्यावे आणि बसणाऱ्याने ते पाळावे. आजीने लपून माफी दिली की आजार जिंकतो.

बसायचे म्हणजे काय, तेही पाहू. संध्याकाळचे साडेसात. ताटात भात, वरण, वांग्याची भाजी, वर सांबार (कोथिंबीर). मुलगी भाताचा डोंगर करते, पसरवते, वरण कडेला वाहू देते. पाहणाऱ्याला अर्धे संपल्यासारखे दिसते. ‘काहून खात नाहीस वो? काय कमी केलं आम्ही तुले?’ हे वाक्य प्रत्येक घरात येते, आणि ते पोटतिडकीचे असले तरी निरुपयोगी आहे, कारण ते तिला आरोपी करते. ‘दोन घास खाय, मोबाइल देतो’ हा सौदाही नको. उद्या एक घास आणि दोन मोबाइल होतात. कमी शब्द बोलावेत. ‘हे जेवण आहे, मी इथेच बसली आहे.’ पाच मिनिटांनी पुन्हा तेवढेच. ती रडेल, ओरडेल, ‘तू माझी वैरीण आहेस’ म्हणेल. तिच्या तोंडून आजार बोलतो आहे असे समजून बसून राहायचे. जेवल्यावर तासभर तिला एकटी सोडायचे नाही. न्हाणीघरात तर नाहीच. ताटापाशी वजन, रंग, लग्न, मार्क, शेजारची पोरगी यांपैकी काहीही काढायचे नाही. दिवसातून तीन जेवणे, मध्ये दोन-तीन खाणी. उकडलेले अंडे, शेंगदाण्याचा लाडू, केळे. महाग काही लागत नाही.

इथे एक घोळ नेहमी होतो. लहान, चोखंदळ पण वाढ बरी असलेल्या मुलासाठी नियम नेमका उलटा आहे. तिथे एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञाने सांगितलेली वाटणी चालते: काय, केव्हा, कुठे हे मोठ्यांनी ठरवायचे, किती हे मुलाने. नवा पदार्थ दहा-पंधरा वेळा ताटात दिसला की जिभेला त्याची सवय होते. कोंबायचे नाही. या मुलाला दिलेला सल्ला उपासमारीच्या आजारातल्या मुलीला दिला तर ती मरू शकते, आणि तिचा सल्ला याला दिला तर त्याच्या साध्या नखऱ्याचे भांडण होऊन बसते. म्हणून आधी वजन-उंचीची रेघ बघा. ती पडते आहे की नाही, यावर पुढचे सगळे.

उपासांबद्दलही बोलले पाहिजे, कारण त्यावर बोलायला सगळे कचरतात. नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, एकादशी, संकष्टी. आजारी मुलीला उपास म्हणजे सगळ्यांच्या कौतुकासह न जेवण्याची परवानगी. ‘आमची पोर फार देवभक्त’ म्हणणाऱ्या आईने गेल्या वर्षी पोरीला किती उपास होते आणि यंदा किती, ते मोजावे. वजन सावरेपर्यंत उपास बंद, आणि तसे घरातल्या वडीलधाऱ्याने सांगितले तर तिच्या मनावरचे ओझे कमी होते. पुजाऱ्याकडे नेण्याबद्दल मी वाद घालणार नाही. न्या, अंगारा लावा. फक्त ‘एकवीस दिवस मीठ नको, भात नको’ असले पथ्य घेऊन येऊ नका, आणि त्याच आठवड्यात दवाखानाही दाखवा.

दवाखाना कुठला? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, अठरा वर्षांपर्यंतची मुले तपासतात. त्यांच्या तीस आजारांच्या यादीत खाण्याचे विकार नाहीत. पण तीव्र रक्तक्षय आहे, तीव्र कुपोषण आहे, सिकलसेल आहे. त्या दारातून मूल आत शिरू शकते. पोषण पुनर्वसन केंद्र फक्त पाच वर्षांखालच्यांसाठी, म्हणजे चौदा वर्षांची मुलगी तिथे बसत नाही. हे मला खटकते, कारण अशा मुलीला पहिल्या आठवड्यात कसे भरवायचे हे ज्ञान जिल्ह्यात कोणाकडे असेल तर त्याच केंद्राच्या परिचारिकांकडे. दीर्घ उपासानंतर एकदम पोटभर वाढले की रक्तातले फॉस्फेट कोसळून हृदय थांबू शकते. म्हणून तर तिथे आधी हलके एफ-७५ दूध आणि मगच एफ-१०० देतात. मुलगी चक्कर येऊन पडते, हातपाय गार आणि नाडी मंद, पाळी काही महिने थांबलेली, पायांवर सूज, ओकारीत रक्त, किंवा पाणीही नाकारते, यापैकी काही दिसले तर घरी भरवत बसू नये; थेट जिल्हा रुग्णालय किंवा चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. मरून जावेसे वाटते असे ती बोलली, तरी तेच. त्याच्या अलीकडच्या टप्प्यावर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर, किशोरवयीनांची मैत्री क्लिनिक, आणि १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू असलेली टेलिमानसची १४४१६ ही फुकट, चोवीस तासांची फोनसेवा. फोनवर मराठीत बोलता येते. ज्या आईची मराठी तोडकी आहे तिच्या शेजारी फोन करताना आशा बसली तर बरे.

राहिली आश्रमशाळा. एटापल्लीच्या मुलीवर उपचार नुसते घरी होत नसतात, तसे ते नुसते शाळेतही होत नाहीत; दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळी घडी मोडते. यावर मोठी योजना लागत नाही. एक शंभर पानी वही लागते. तिच्यात आठवड्याचे वजन, दिवसाची जेवणे, पाळीची तारीख आणि कोण बसले होते त्याची सही. वजन वर्गासमोर मोठ्याने वाचायचे नाही. सुट्टीला जाताना वही मुलीच्या हाती नव्हे, न्यायला आलेल्या माणसाच्या हाती द्यायची आणि घरी कोण बसणार हे त्याला तिथेच विचारायचे. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात पुन्हा काटा. वजन उतरले असेल तर अधीक्षिकेने आईला फोन करून घरी काय काय खाल्ले ते विचारावे आणि उत्तर वहीत लिहावे. गावात रेंज नसेल तर आशाकडे निरोप पाठवावा.